पडद्यावरचा मोर

"मेस्त्री, आभाळ हिरवं झालंय," तोडकर अण्णा म्हणाले.

मी अजून पिशवीही खांद्यावरून उतरवली नव्हती. मिरजेहून विट्यापर्यंत एसटीत उभ्यानं आलो होतो, अंगावर निम्म्या तालुक्याची धूळ होती. पाणी विचारायचं सोडून हा माणूस आभाळाचं सांगत होता.

"कुठलं आभाळ?"

"या, दाखवतो."

अण्णांचं व्हिडिओ गेमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला पाठ लावून मशिनी ओळीनं उभ्या. उंच लाकडी पेट्या, त्यांत काचेचे पडदे, खाली दांडी आणि बटणं. पलीकडच्या भिंतीला हौसाबाईंची पिठाची गिरण. ती चालू झाली की इकडच्या पेट्या पायांतून थरथरायच्या. मागच्या बाजूला एक फुलाफुलांचा कापडी पडदा, आणि त्याच्याआड अण्णांचं घर. चूल, देव्हारा, मोरी, सगळं तिथंच.

अण्णांनी मोटार शर्यतीच्या मशीनचं बटण दाबलं. पडदा उजळला. करडा रस्ता, लाल मोटार, लांबवर डोंगर, सगळं जिथल्या तिथं. फक्त डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात आभाळ निळं राहिलं नव्हतं. तिथं हिरवा डाग पडला होता. हिरव्याच्या आत जांभळा, जांभळ्याच्या आत पिवळसर.

"आईशप्पथ," मी म्हणालो, "रंगपंचमीच झाली की!"

अण्णा हसले नाहीत. एरवी हसले असते. "कशानं झालं ते सांगा," म्हणाले.

मी मागची फळी काढली. सगळ्या पडद्यावर एखादा रंग कमी पडला असता तर मी तार बघितली असती, जोडाचा टाका बघितला असता, नाहीतर पडद्याची नळीच म्हातारी झाली म्हणून हात जोडले असते. पण इथं डाग एकाच कोपऱ्यात होता. बाकीचं चित्र आंघोळ करून बसल्यासारखं स्वच्छ. म्हणजे तार नाही, टाका नाही, नळीही नाही.

"काचेच्या मागं एक पत्र्याची चाळण असते, अण्णा," मी सांगू लागलो. मला सांगायला आवडायचं. "मागनं तीन किरण निघतात. लाल, हिरवा, निळा. चाळणीच्या भोकातनं जाऊन ज्यानं त्यानं आपापल्या ठिपक्यावर पडायचं. चाळणीला लोहचुंबक लागला, की किरण वाट चुकतो. निळ्यानं जायचं ते दुसऱ्याच्या घरात जातो."

"आणि मग?"

"मग आभाळ हिरवं."

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "लोहचुंबक कोण लावणार इथं? पोरं तर येईनाशी झालीत. घरोघरी केबल आली."

ते खरंच होतं. अण्णा एकेक करून मशिनी विकत होते. जत्रेत तंबू टाकणारा इलाही तांबोळी म्हणून एक जण उरलेल्या घेणार होता, आणि त्याला सगळ्यांत आधी हे शर्यतीचं मशीन हवं होतं.

"जाईल न्हवं? कायमचा?" अण्णांनी विचारलं.

"आत्ता घालवतो."

मी पिशवीतनं कॉइल काढली. तांब्याच्या तारेचे वेढे घालून वर काळी पट्टी गुंडाळलेलं मोठं कडं असतं ते, परातीएवढं. वीज सोडली की घुमतं. पडद्याजवळ न्यायचं, तोंडासमोर गोल गोल फिरवायचं, आणि फिरवत फिरवतच हळूहळू मागं सरकायचं. पार दारापर्यंत मागं गेल्यावर मग बंद करायचं. घाईनं जवळच बंद केलं तर होता त्यापेक्षा मोठा डाग पडतो. सगळी कला त्या मागं सरण्यात आहे.

मी तसा मागं येत होतो, तेवढ्यात फुलांच्या पडद्याआडनं आवाज आला.

"दृष्ट काढल्यावाणी करताय की वं मेस्त्री."

इंदूवैनी. अण्णांच्या मंडळी. पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या, आणि बघत होत्या मशीनच्या पडद्याकडं.

"तसंच समजा, वैनी."

"समदा पुसला गेला?"

"अगदी समदा."

"बारीकसा बी न्हाई ऱ्हायला?"

"तू आत जा गं," अण्णा म्हणाले. रागानं नाही, पण तोडून. फुलांचा पडदा हलला आणि स्थिर झाला.

आभाळ निळं झालं होतं. अण्णा त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. काम झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. डोक्यावरचा भारा उतरवून, तो पुन्हा कुणी उचलून देईल का या धास्तीत असलेल्या माणसासारखे दिसत होते.

"परत येणार न्हाई न्हवं?"

"कशाला येईल?"

"येऊ नये," अण्णा म्हणाले.

जाताना माझी नजर सवयीनं गल्ल्याकडं गेली. तिथं आता रिकामं स्टूल होतं. पूर्वी त्यावर अण्णांची एकुलती एक लेक बसायची. शाळेचा निळा झगा होता तेव्हापासून मी तिला बघितलेलं. मी मशीन उघडलं की स्टुलावरनं उडी मारून यायची, आणि सगळं विचारायची. हे काय, ते काय, हात लावला तर काय होतं. पुढं साडी नेसायला लागली तरी विचारणं तेच. मग मधल्या एका खेपेला आलो, तर स्टूल रिकामं.

"पोरगी दिसत नाही?" मी विचारलं होतं.

"वारली," अण्णा म्हणाले होते. एवढंच. त्यावर मी काय विचारणार?

पंधरवडा गेला असेल नसेल, अण्णांचा फोन आला. मिरजेला आमच्या दुकानाशेजारच्या बूथवर. मी धावत गेलो.

"परत आलाय," ते म्हणाले.

"काय?"

"त्योच. तिथंच."

मी गेलो. खरंच तोच डाग, त्याच कोपऱ्यात, हिरव्यात जांभळा, जांभळ्यात पिवळा. मला जरा लाज वाटली. कामात काही राहून गेलं असणार. या खेपेला मी मशीन पार उघडं केलं. वरच्या अंगाला स्पीकर होता, त्याच्या पाठीला लोहचुंबक असतोच, म्हणून तो काढून लांब खाली ठेवला. मशीन चालू करताना पडदा आपोआप साफ करणारी एक छोटी कॉइल आतच असते, तिचा भाग बदलला. मग माझं लक्ष भिंतीकडं गेलं. पलीकडं गिरणीची मोटार घरघरत होती.

"अण्णा, मला हौसाबाईंची मोटार बघून येऊ दे."

गिरणीत हौसाबाई डोक्याला फडकं बांधून उभ्या होत्या. भुवयांवर, पापण्यांवर पीठ. मी कारण सांगितलं तसा त्यांनी कमरेवर हात ठेवला.

"माझ्या मोटारीनं आभाळ हिरवं केलं व्हय? बरं झालं मेस्तरी, पावसाळ्यात बोलवा, ढग बी आणती."

"तसं नव्हं मावशी. मोटारीतही लोहचुंबकाचा गुण असतो. भिंतीच्या लई जवळ असली तर—"

"इतकी वरसं हितंच हाय. तवा न्हाई झालं ते?"

उत्तर बरोबर होतं. तरी मी वाकून मोटार बघितली, वितीनं अंतर मोजलं. हौसाबाई दळपाच्या डब्यात हात घालून पीठ चाचपत होत्या.

"लेक गेल्यापासून त्या घराचं काही बरं न्हाई बघा," त्या म्हणाल्या.

"कशानं गेली ती? तरणीताठी पोर."

हौसाबाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुम्हाला काय सांगितलंय जगन्नाथअण्णांनी?"

"वारली म्हणून."

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. गिरणीच्या आवाजात शेजारच्या माणसाला ऐकू येत नव्हतं, तरी त्या माझ्या कानाशी आल्या.

"तवा न्हाई वारली. गेली. यंत्रमागावर कामाला एक पोरगा होता, हितं खेळायला यायचा. परजातीचा. पर पोरगं वाईट न्हवतं. त्याच्यासंगं गेली, नोंदणीचं लगीन केलं. अण्णांनी काय केलं ठावं हाय? भर दुपारी, हितं समोरच्या नळावर, समद्या आळीदेखत, अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर पाणी वतून घेतलं. तिच्या नावानं आंघोळ केली. जित्या लेकीच्या! म्हणाले, माझी लेक आज मेली. तिचे फोटू, कापडं, दप्तर, वेणीची रिबीन सुदीक ठिवली न्हाई. नाव घ्यायचं न्हाई घरात, सांगितलं."

मला आधी धक्का बसला, आणि त्याच्या मागोमाग छातीत एकदम हलकं वाटलं. म्हणजे ती आहे. मशीनमध्ये डोकं घालून प्रश्न विचारणारी ती पोरगी कुठंतरी आहे, संसार करतेय.

"मग आता असते कुठं? सुखात आहे ना?"

हौसाबाईंनी डब्यातलं पीठ पुन्हा चाचपलं. "भरड येतंय," म्हणाल्या, "दगुड झिजलाय, टाकी लावायला झालाय." आणि पाठमोऱ्या झाल्या. मग वळून एवढंच म्हणाल्या, "इंदूला काही इचारू नका, मेस्तरी."

मी परत आलो. अण्णा आणि मी मिळून मशीन रेटत रेटत समोरच्या भिंतीला नेलं, गिरणीपासून लांब. रेटताना दिसलं, की मशीनच्या माथ्यावर अंगाऱ्याची चिमूट होती आणि शेजारी सुकलेलं लिंबू. लोक ट्रकला लावतात, मोटारीला लावतात, तसं असेल, मला वाटलं. कॉइल फिरवली. डाग गेला.

"मेस्त्री," अण्णा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. "एक इचारू का? कुणी हात न लावता, कुणी जवळ बी न येता, आपला आपला पडतो का असला डाग?"

"आपला आपला कसा पडेल, अण्णा?"

"न्हाई, तसंच इचारलं." ते गल्ल्यामागच्या रिकाम्या स्टुलाकडं बघत होते. "एकाच जाग्यावर, एकाच रंगाचा?"

"कारण असणार. सापडेल."

"सापडलं तर मला सांगा," म्हणाले. "काहीबी असू दे. मला सांगा."

पुन्हा फोन आला तेव्हा अण्णांचा आवाज बसला होता. डाग परत आला होता. तांबोळी मशीन बघायला येणार होता, तो दिवसही ठरला होता, त्याच्याआधी येऊन जा म्हणाले. जत्रांचे दिवस तोंडावर आले होते, तांबोळीला घाई होती.

मी लवकरची गाडी पकडली. विट्यात उतरलो ती टळटळीत दुपार. दुकानाचं दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. अण्णा तांबोळीला आणायला स्टँडवर गेले होते, वाटेत चुकामूक झाली असणार. पलीकडं गिरण जोरात चालू होती. मी दार ढकललं ते कुणाला ऐकू आलं नाही.

मशीन चालू होतं. इंदूवैनी त्याच्यापुढं उभ्या होत्या. एक हात पडद्याच्या काचेवर ठेवलेला, वरच्या डाव्या कोपऱ्यात. मला वाटलं काच पुसतायत. पण हात पुसल्यासारखा सरकत नव्हता. लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा ठेवलेला होता, आणि हाताखाली काळं, जाड, गोल काहीतरी होतं. त्यांनी ते हळूच उचललं. आभाळात हिरवा, जांभळा, पिवळा रंग उमटून राहिला होता.

"वैनी."

त्या दचकल्या. हातातली वस्तू त्यांनी पदराखाली घेतली. मग त्यांनीच ती बाहेर काढली, माझ्यापुढं धरली. फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक होता.

"तुम्हीच टाकलेला," त्या म्हणाल्या. "लई वरसं झाली. जुना स्पीकर काढून कचऱ्यात टाकला हुता तुम्ही. तिनं उचलला. बारकी हुती तवा, परकर सावरत चालायची. पडद्याला लावून बघितला तर ह्ये रंग. पळत आली चुलीपाशी, आई, मी मोर काढला, म्हणाली. म्या बघितलं तर खरंच मोर. ह्यो गळा, ह्यो पिसारा. मला वाटलं आता पाठीत धपाटा खाती बापाचा. तर ह्यांनी काय करावं? समद्या आळीला बोलावून दावला. माझ्या लेकीनं मोर काढला, म्हणं, लाईटीचा. तुम्ही येऊन पुसला तवा केवढी रडली हुती."

मला आठवलं. पाय आपटत रडणारी मुलगी, आणि तिला कडेवर घेऊन हसणारे अण्णा.

"घरात तिचं काहीच ठिवलं न्हाई, मेस्त्री. समदं वढ्यात नेऊन टाकलं. ह्यो एवढा डब्याच्या मागं ऱ्हायला हुता, पिठात. त्यांना ठावं न्हाई. ह्यो चोळला की तिचा मोर येतो. हे दुपारचे आडवे झाले, न्हाईतर भाईर गेले, की मी काढते. जरा बघते. मग तुम्ही येऊन पुसता, मग परत काढते."

"पण वैनी," मी म्हणालो, "ती आहे ना? हौसामावशी सांगत होत्या, लग्न करून गेली म्हणून. आज ना उद्या अण्णांचा राग—"

त्यांनी मान हलवली. नुसती हलवली, आणि हलवतच राहिल्या.

"श्रावणात गेली," म्हणाल्या. "बाळंतपणात. ल्योक बी गेला. हौसाच्या भाचीनं निरोप आणला, हौसानं मला गिरणीत बोलावून सांगितलं. मी दळणाचा डबा घिऊन गेल्ते, डबा घिऊन परत आले. सांजच्याला भाकरी थापल्या, वाढल्या."

"अण्णांना?"

"त्यांना काय सांगू? त्यांच्या लेखी ती कवाच गेली. त्यांची आंघूळ झाल्याली. लेक मेली तरी माझ्या घरात सुतक न्हाई, मेस्त्री. कुणी भेटाय आलं न्हाई. कुणाम्होरं हेल काढून रडता आलं न्हाई. हौसा माझ्यासाठी दुपारची मोटार चालू ठिवती, दळण नसलं तरी. तेवढ्यात काय रडायचं ते रडते."

पलीकडं मोटार घरघरत होती. आता मला तिचा आवाज वेगळाच ऐकू येऊ लागला.

"आज तो तांबोळी मशीन न्हेणार," त्या म्हणाल्या. "पुसून न्या म्हणावं तर पुसून, न्हाईतर तशीच. मी काय बोलणार हाय? बाईमाणसानं मशीन इकू नका म्हटलं तर कारण सांगाय लागंल. आन कारणाचं तर नाव घ्यायचं न्हाई."

मी काही म्हणणार तेवढ्यात दारात सावली पडली. वैनी झटकन फुलांच्या पडद्याआड गेल्या. अण्णा आत आले, मागनं तांबोळी. गोरटेला, गोल, गळ्यात रुमाल, तोंडात पान.

"सलाम मेस्त्री! आमच्या आधी हजर?" तांबोळी म्हणाला आणि मशीनपुढं येऊन थांबला. "अरे वा! जत्रेत मी पडद्यावर देव रंगवून घेतो, हितं तर मोर बसलाय!"

मोर हा शब्द निघाला आणि अण्णांचा हात गल्ल्याच्या फळीवर घट्ट बसला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पुसा," म्हणाले. "मेस्त्री, पुसा आधी."

मी कॉइल काढली. हातात धरून उभा राहिलो. पुढं पाऊल टाकायला होईना.

"असू द्या हो, बघू तरी," तांबोळी म्हणाला. वाकून, मान तिरपी करून बघू लागला. "लई झाक हाय. कुणाचं काम म्हणायचं? असला डाग आपला आपला न्हाई पडायचा. माझ्या पोरानं एकदा केल्ता, खाल्ला मार. तुमच्या बी पोरांचंच असणार. किती पोरं तुम्हाला, अण्णा?"

साधा प्रश्न. नवी ओळख झालेली माणसं जे विचारतात तेच त्यानं विचारलं होतं. मला वाटलं, आता 'नाहीत' म्हणतील. घरात तिचं नाव घ्यायला दोन वर्षं बंदी होती.

"एक लेक," अण्णा म्हणाले.

"मग दिली कुठं?"

"वारली."

तांबोळीनं पान गालात सारलं, हात छातीशी नेला. "या अल्ला. माफ करा. कधी?"

"श्रावणात," अण्णा म्हणाले. "बाळंतपणात गेली."

फुलांचा पडदा बाजूला झाला. इंदूवैनी बाहेर आल्या. परक्या पुरुषासमोर त्यांनी डोक्यावर पदरही घेतला नव्हता.

"तुम्हाला ठावं हाय?"

अण्णा वळले.

"तुला कुणी सांगितलं?"

"मी इचारते, तुम्हाला ठावं हाय?"

"बाबर कंडक्टरनं सांगितलं," अण्णा म्हणाले. "तिच्या गावच्या गाडीला असतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. मी स्टँडवरच बसून ऱ्हायलो. तुला सांगाय तोंड न्हवतं मला. जिती असताना मेली म्हणालो. आता मेली म्हणून कुण्या तोंडानं सांगू?"

"मला बी त्याच दिशी कळलं, मी भाकरी थापत हुते," वैनी म्हणाल्या. "तुम्ही जेवला. दोन भाकरी खाल्ल्या."

"तू वाढल्यास, म्हणून खाल्ल्या. मला वाटलं तुला ठावं न्हाई. न्हाई जेवलो तर इचारशील."

दोघं एकमेकांकडं बघत उभी होती. एवढी वर्षं एका चुलीवर शिजवून खाल्लेलं, आणि श्रावणापासून एकाच घरात दोघांनी दोन सुतकं पाळलेली, एकमेकांना कळू न देता.

"म्हणूनच ती येती," अण्णा म्हणाले. त्यांनी मशीनकडं बोट केलं. "बघ. मेस्त्री पुसत्यात, ती परत येऊन काढती. तिचं म्या काहीच केलं न्हाई, दिवस न्हाईत, पिंड न्हाई, काही न्हाई. तिचा जीव हितंच घुटमळतोय. अंगारा लावला, लिंबू ठिवलं. दर खेपेला मी पुसाय लावतो आन दर खेपेला वाट बघतो, आता येती का न्हाई. मला सोसंना म्हणून मशीन काढतोय. मला वाटतं, पोरी, एक तर सुटून जा, न्हाईतर म्होरं येऊन काय बोलायचं ते बोल बापाला."

वैनींनी पदराखालचा लोहचुंबक काढला. अण्णांच्या हातात ठेवला नाही, गल्ल्याच्या फळीवर ठेवला.

"मी काढते तो मोर," म्हणाल्या. "दुपारची. ह्यानं."

अण्णांनी त्या काळ्या कड्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी मान हलवली. त्यांनीच सांगून ठेवलं होतं, काहीही असू दे, मला सांगा म्हणून.

"तू काढतीस?"

"मीच."

"पहिल्यापास्नं? समदे?"

"समदे."

अण्णा हळूहळू खाली बसले. मशीनला पाठ लावून, फरशीवर, पाय पसरून. आपल्यामागं लेकीचा आत्मा लागलाय या भीतीत ते कित्येक दिवस जगत होते. आता ती भीती गेली, तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

"म्हंजे ती येत न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी मान मागं टाकून पडद्यावरच्या मोराकडं बघितलं.

"म्हंजे ती न्हाईच," अण्णा म्हणाले.

तेव्हा वैनींच्या पोटातनं आवाज निघाला. आधी तो मोटारीच्या घरघरीत मिसळला. मग चढला, मग त्याला शब्द फुटले, बायका मयताला बसून रडतात तसे, हेल काढून.

"माझ्या हातची गं वेणी, कुणी सोडली माझ्या मैना... तुझ्या वाटंला गं दिवा, कुणी लावला माझ्या मैना... तुझ्या मांडीवरचा राघू, तुझ्याच वाटंनं गेला गं... तुझी आई गं जिती, हितं भाकरी थापती मैना..."

पलीकडची मोटार बंद झाली. एकदम. त्या शांततेत तो हेल सगळ्या आळीनं ऐकला असणार. अण्णा फरशीवर हात आपटत होते. वैनी त्यांच्याशेजारी बसल्या, आणि त्यांनी त्यांचा हात धरला. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. चारचौघांत नवरा-बायको असे बसत नाहीत आमच्याकडं.

तांबोळीनं पान बाहेर जाऊन थुंकलं, चूळ भरली, आणि परत आत आला. गळ्यातला रुमाल काढून डोक्यावर बांधला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मशीनचं राहू द्या, मेस्त्री. तेरावं झाल्यावर येतो मी."

मी हात लांब करून मशीन बंद केलं. पडदा काळा झाला. काळ्या पडद्यावर कसलाच डाग नसतो. कॉइल मी पिशवीत ठेवली.

हौसाबाई आधी आल्या, पिठानं भरलेल्या तशाच. आल्या आणि वैनींच्या गळ्यात पडल्या. तोंडातनं "पोरी गं" एवढंच. मग परत गेल्या. थोड्या वेळानं आल्या तर हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि पितळीत पिठलं. मागोमाग आळीतल्या आणखी दोघीतिघी. कुणी तांब्या आणला, कुणी घोंगडं आणून फरशीवर पसरलं. कुणी काही विचारलं नाही. एकीनं आत जाऊन चुलीतली लाकडं ओढून पाणी शिंपडलं. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही.

"घास घ्या," हौसाबाई म्हणाल्या. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी वैनींच्या हातात दिला, एक अण्णांच्या. "कडू घास हाय. न्हाई म्हणायचं नसतं. मेस्तरी, तुम्ही बी. तांबोळी, तुम्ही बी बसा, सुतकाच्या घरात आलाय."

आम्ही बसलो. पिठल्याची वाफ अजून निघत होती. दारात आळीतली माणसं गोळा झाली होती. ज्यांनी भर दुपारी नळावरची ती आंघोळ बघितली होती, तीच बरीचशी. उंबऱ्याबाहेर चपला काढून घुटमळत होती. आत यावं की येऊ नये, यजमान काय म्हणेल, कुणाला कळत नव्हतं.

अण्णांनी घास तोंडाशी नेला आणि खाली घेतला. मान वर केली. दाराकडं बघितलं.

"सुवर्णा गेली आमची," ते म्हणाले. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझी लेक सुवर्णा. श्रावणात गेली."

दारातली माणसं एकेक करून आत आली, आणि खाली बसली.